संगणकाची फीत आणि तिची परिभाषा

हल्लीं विद्यार्थ्यांच्या तोंडीं 'क्लाउड' हा शब्द वारंवार येतो. अमुक छायाचित्र कोठें आहे असें विचारलें, तर "क्लाउडमध्यें आहे" असें उत्तर मिळतें. आणि उत्तर देणाऱ्याच्या मुद्रेवरून असें वाटतें कीं, ती वस्तु खरोखरीच ढगांत तरंगत असून पाहिजे तेव्हां पावसासारखी खालीं येईल. वस्तुस्थिति निराळी आहे. प्रत्येक छायाचित्र, प्रत्येक पत्र, बँकेच्या खात्यांतील प्रत्येक नोंद ही कोठल्या तरी इमारतींत, कोठल्या तरी फडताळांत, एखाद्या जड पदार्थावर उमटलेली असते. तो पदार्थ कधीं फिरती तबकडी असतो, कधीं सिलिकनची चीप असतो आणि, पुष्कळांस हें ऐकून नवल वाटेल, कधीं अर्धा इंच रुंदीची एक लांबच लांब फीत असतो. ह्या फितीविषयीं, व तिच्या व्यवहारांत जे शब्द योजितात त्यांविषयीं, चार गोष्टी सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. ह्या शब्दांचा अर्थ ठाऊक नसला म्हणजे 'ठेविलेलें' आणि 'टिकलेलें' हीं दोन्ही एकच आहेत असा समज होतो; आणि त्या समजापायीं मोठमोठ्या संस्थांचीं वर्षानुवर्षांचीं कामें धोक्यांत आलेलीं आहेत. म्हणून हा विषय केवळ संगणकवाल्यांचा नव्हे.

फीत म्हणजे प्लॅस्टिकची एक अतिशय पातळ पट्टी. तिच्या अंगावर चुंबकत्व धारण करणाऱ्या चूर्णाचा लेप दिलेला असतो. पूर्वीं घरोघरीं गाण्यांच्या कॅसेटी असत. त्यांतील तपकिरी फीत पालकांच्या स्मरणांत असेल. जात तीच. १९२८ सालीं जर्मनींत फ्रिट्झ प्फ्लॉयमर नांवाच्या गृहस्थानें कागदाच्या पट्टीवर लोहचूर्णाचा थर बसवून तिच्यांत आवाज सांठविण्याची युक्ति काढली. आवाजाची ही फीत संगणकाच्या कामीं आली ती पुढें वीस-पंचवीस वर्षांनीं. १९५१ सालच्या 'युनिव्हॅक' नामक अमेरिकन संगणकाची फीत तर चक्क धातूची होती. दुसऱ्याच वर्षीं आयबीएम कंपनीनें '७२६' ह्या यंत्राबरोबर प्लॅस्टिकची फीत आणिली, आणि तिच्या एका इंचांत १०० अक्षरें मावत असत.

आतां लेपावर काय उमटतें तें पाहूं. लेपाच्या एखाद्या सूक्ष्म ठिकाणाचें चुंबकत्व एका दिशेस तरी असतें, अथवा उलट दिशेस तरी. ह्या दोन अवस्था व त्यांची पालट ह्यांच्या योगानें शून्य किंवा एक लिहितां येतो. असें एक शून्य किंवा एक म्हणजे एक 'बिट'. आठ बिट मिळून एक 'बाइट'. इंग्रजी लिपीचें एक अक्षर एका बाइटांत बसतें. आपल्या देवनागरीची गोष्ट अशी कीं, सर्वत्र रूढ असलेल्या संकेताप्रमाणें तिच्या प्रत्येक वर्णास आणि प्रत्येक मात्रेस तीन-तीन बाइट लागतात. 'शाळा' हा शब्द घ्या: श, काना, ळ, काना अशीं चार चिन्हें, म्हणजे बारा बाइट. मराठी मजकूर जागा अधिक खातो हें ऐकून कोणीं खिन्न होऊं नये. फोनवर काढलेल्या एका छायाचित्रास जेवढी जागा लागते, तेवढींत तीनशें पानांची कादंबरी सहज बसते. हजार बाइटांचा किलोबाइट, हजार किलोबाइटांचा मेगाबाइट, त्याच्या हजारपट गिगाबाइट व त्याच्या हजारपट टेराबाइट, हें कोष्टक मुलांस पाठच असतें. मात्र कांहीं ठिकाणीं हजाराच्या जागीं १,०२४ धरतात. त्यामुळें विकत आणलेल्या डिस्कची जागा संगणक थोडी कमी दाखवितो. तेवढ्यावरून दुकानदारानें फसविलें असें समजूं नये.

जुन्या फितीवर लांबीच्या दिशेनें नऊ समांतर रेषा असत. अशा प्रत्येक रेषेस 'ट्रॅक' म्हणतात. आठ ट्रॅकांवर एका बाइटाचे आठ बिट शेजारीं शेजारीं बसत. नववा ट्रॅक पहारेकऱ्याचा. आठांमध्यें एकांची संख्या सम आहे कीं विषम, हें तो नोंदून ठेवी. वाचतांना हिशेब जुळला नाहीं, तर कोठें तरी बिघाड झाला हें यंत्रास तत्काळ कळे. ह्या पहाऱ्यास 'पॅरिटी' असें नांव आहे. आजच्या फितीवरील पहारा ह्याहून पुष्कळच हुशार आहे. तो चूक दाखवितो इतकेंच नव्हे, तर बहुधा दुरुस्तहि करितो.

माहिती फितीवर सलग लिहीत नाहींत, तुकड्यातुकड्यांनीं लिहितात. एक तुकडा म्हणजे 'ब्लॉक'. जुन्या यंत्रांत दोन ब्लॉकांच्या मध्यें फीत थांबविण्यास व तिला पुन्हां वेग देण्यास थोडी कोरी जागा सोडावी लागे. तिला 'गॅप' म्हणत. ह्या गॅपचा हिशेब मोठा मौजेचा आहे, आणि आमच्या मतें तो अंकगणिताच्या तासास करून पाहण्यासारखा आहे. एका इंचांत ८०० बाइट मावणारी नऊ ट्रॅकांची फीत घ्या. त्या काळीं माहिती ८० अक्षरांच्या पंच कार्डांवर भोंकें पाडून तयार करीत. एका कार्डाच्या ८० अक्षरांस फीत लागली इंचाचा दहावा भाग. आणि त्यामागून सोडावयाची गॅप सहा दशांश इंच! म्हणजे सातांपैकीं सहा भाग फीत कोरीच राहिली. दहा कार्डांचा मिळून एक ब्लॉक केला, तर एक इंच मजकूर आणि सहा दशांश इंच गॅप. पन्नास कार्डांचा केला, तर पांच इंच मजकुरामागें तीच सहा दशांशाची गॅप. फीत तीच, यंत्र तेंच. केवळ गठ्ठा बांधण्याची रीत बदलल्यानें तिच्यावर सहापटींहून अधिक मजकूर राहूं लागला. मग हजार कार्डांचाच ब्लॉक कां करीत नसत, असें एखादा चलाख विद्यार्थी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, सबंध ब्लॉक एका वेळीं संगणकाच्या स्मृतींत मावावा लागे, आणि त्या काळीं स्मृति फार महाग होती. एका फाइलीचे सर्व ब्लॉक संपले म्हणजे जी विशेष खूण करितात ती 'फाइल मार्क'.

फीत आपण होऊन बोलत नाहीं. तिला बोलतें करणारें यंत्र म्हणजे 'टेप ड्राइव्ह', आणि त्यांतील ज्या भागापुढून फीत सरकते, जो लिहितो आणि वाचतो, तो 'हेड'. जुन्या ड्राइव्हांत दोन मोठीं रिळें असत. एकावरून फीत सुटे व दुसऱ्यावर गुंडाळली जाई. रीळ जड, फीत नाजूक. यंत्र एकाएकीं सुरू झालें तर फीत तुटावयाचीच. ह्यावर आयबीएमच्या कारागिरांनीं एक तोड काढली. रीळ आणि हेड ह्यांच्यामध्यें एक उंच पोकळ खांब ठेवून त्यांतील हवा त्यांनीं खालून शोषून घेतली, आणि त्यांत फितीचा एक सैल झोल लोंबत ठेविला. हेडापाशीं फीत हिसक्यानें पुढें गेली, तरी हिसका झोलास बसे, रिळास नव्हे. जुन्या चित्रपटांत संगणक दाखवावयाचा झाला कीं मोठमोठीं चक्रें थांबत-थांबत फिरतांना दाखवीत. तीं ह्या ड्राइव्हांचीं. गणित करणारा भाग बिचारा शेजारच्या कपाटांत निमूटपणें बसलेला असे, पण त्यांत हलणारें कांहीं नसल्यामुळें त्याचें चित्र कोणी घेत नसे.

अलीकडच्या ड्राइव्हांत हा खांब नाहीं. त्यांत फीत नदीसारखी एकसारखी वाहती ठेवावयाची असते. ह्यास 'स्ट्रीमिंग' म्हणतात. संगणकाकडून माहिती वेळेवर आली नाहीं, तर फीत थांबते, थोडी मागें येते, आणि पुन्हां वेग घेऊन पुढें जाते. असें वारंवार झालें म्हणजे बूट पुसणाऱ्याच्या फडक्याप्रमाणें ती हेडावरून मागें-पुढें घासली जाते; म्हणून ह्या दोषाचें नांवच 'शू-शायनिंग' पडलें आहे. त्यानें फीत झिजते, हेड झिजतें, आणि वेळ जातो तो निराळाच.

फितीचा स्वभाव समजण्यास एक दाखला पुरे आहे. नासरेथच्या सभास्थानांत प्रभु येशूच्या हातीं यशया संदेष्ट्याचा ग्रंथ देण्यांत आला, आणि त्यानें तो उलगडून पाहिजे तें स्थळ काढलें, ही लूकच्या शुभवर्तमानांतील हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. तो ग्रंथ पानांचा नव्हता. ती एक गुंडाळी होती. गुंडाळींतील शेवटचा भाग वाचावयाचा, तर आधींचा सर्व भाग एका हातांतून सोडीत दुसऱ्या हातांत गुंडाळावा लागतो. पानांच्या पुस्तकाचें तसें नाहीं. अनुक्रमणिका पाहून दोनशेंवें पान एकदम उघडतां येतें. पहिल्या रीतीस 'सीक्वेन्शियल ॲक्सेस', म्हणजे अनुक्रमानें पोंचणें, असें म्हणतात; दुसरीस 'रॅन्डम ॲक्सेस', म्हणजे पाहिजे तेथें एकदम पोंचणें. फीत ही गुंडाळी होय, आणि डिस्क हें पानांचें पुस्तक. रोज उघडावयाची वस्तु कोणी फितीवर ठेवीत नाहीं. क्वचित् उघडावयाची, पण गमावून चालणार नाहीं अशी वस्तु तिच्यावर ठेवितात.

हल्लींच्या फितींत 'एलटीओ' ही जात मुख्य आहे. तिची पहिली पिढी २००० सालीं निघाली व तींत १०० गिगाबाइट मावत. २०२१ सालच्या नवव्या पिढींत १८ टेराबाइट मावतात, म्हणजे १८० पट. फीत तळहातावर मावेल अशा एका चौकोनी डबींत असते. तिला 'कार्ट्रिज' म्हणतात. डबींत रीळ एकच असतें. दुसरें ड्राइव्हच्या पोटांत. ह्या नवव्या पिढीच्या फितीची लांबी १,०३५ मीटर असून तिच्या अर्ध्या इंचाच्या रुंदींत ८,९६० ट्रॅक काढलेले असतात. हेड एका वेळीं ३२ ट्रॅक लिहितें. शेतकरी नांगरतांना बांधापाशीं बैल वळवून शेजारच्या तासानें परत येतो, त्याचप्रमाणें फीत एका टोकास पोंचली कीं हेड किंचित् सरकतें आणि फीत उलट चालूं लागते. ८,९६० ला ३२ नें भागलें तर २८० येतात. तेवढ्या येरझारा झाल्या म्हणजे फीत भरली. येरझार सुमारें एक किलोमीटरची. तेव्हां एक फीत पुरती भरण्यास ती हेडापुढून जवळजवळ २८० किलोमीटर धांवते, आणि सेकंदास ४०० मेगाबाइट ह्या वेगानेंहि त्या कामास साडेबारा तास लागतात. मराठी पुस्तकाच्या एका पानास पांच हजार बाइट धरले, तर अशा एका डबींत ३६० कोटी पानें राहतील.

ह्या डबीवर १८ ह्या आंकड्याशेजारीं ४५ हाहि आंकडा छापलेला असतो. पहिली 'नेटिव्ह', म्हणजे खरी क्षमता. दुसरी 'कंप्रेस्ड', म्हणजे माहिती दाबून अडीचपट लहान करतां आली असें गृहीत धरून काढलेली. हिशेबाचे तक्ते किंवा साधा मजकूर दाबला जातो. छायाचित्रें आणि चित्रपट हे मुळांतच दाबलेले असतात, ते आणखी फारसे दबत नाहींत. उशीचा कापूस दाबतां येतो, विटा दाबतां येत नाहींत. तेव्हां आंकडा पाहावा तो पहिला.

आतां ज्या शब्दांवर सर्वांत अधिक अवलंबून आहे त्यांकडे वळूं. जुन्या रिळाच्या पाठीस एक प्लॅस्टिकची कडी बसवीत. कडी असेल तरच ड्राइव्ह त्या फितीवर लिही. काढून घेतली कीं फीत केवळ वाचण्यापुरती. आजच्या डबीवर कडीच्या जागीं एक लहानशी सरकपट्टी असते. हें 'राइट प्रोटेक्ट', म्हणजे लिहिण्यास मनाई. इतक्या क्षुल्लक वस्तूचें एवढें कौतुक कां, असें वाटेल. परंतु फीत पुन्हां पुन्हां वापरतां येते, हाच तिचा गुण व हाच तिचा धोका आहे. १९६९ सालीं मनुष्य चंद्रावर प्रथम उतरला, त्या वेळचे संकेत ज्या मूळ फितींवर उतरवून घेतले होते, त्या पुढें पुसून दुसऱ्या कामास वापरल्या गेल्या असाव्या, असें अमेरिकेच्या 'नासा' ह्या संस्थेनें २००९ सालीं जाहीर केलें.

'बॅकअप' आणि 'आर्काइव्ह' ह्या शब्दांची नेहमीं गल्लत होते. चालू वस्तु बिघडली तर तिच्या जागीं आणून बसविण्यासाठीं काढलेली दुसरी प्रत म्हणजे बॅकअप. चालू कामांतून निघून गेलेली, पण जपून ठेवावयाची मूळ वस्तु म्हणजे आर्काइव्ह. दुकानदारानें चालू खातेवहीची रोज नक्कल काढणें हा बॅकअप. दहा वर्षांपूर्वींच्या वह्या माळ्यावर बांधून ठेवणें हें आर्काइव्ह. माळ्यावरील वहीची दुसरी प्रत नसेल आणि तिला वाळवी लागली, तर आर्काइव्ह असूनहि बॅकअप नाहीं, अशी ती स्थिति होय. फोनवरील छायाचित्रें क्लाउडशीं आपोआप जुळवून घेण्याची जी सोय असते, तिला पुष्कळ पालक बॅकअप समजतात. परंतु अशा सोयींत पुष्कळदां इकडे पुसलेलें तिकडेहि पुसलें जातें. प्रतिबिंब दुसऱ्या प्रतीचें काम करीत नाहीं.

ह्याचें मोठें उदाहरण २०११ सालच्या फेब्रुवारींत घडलें. गूगल कंपनीच्या 'जीमेल' ह्या टपालव्यवस्थेंतील सॉफ्टवेअरच्या एका दोषामुळें हजारों लोकांच्या पेट्या एका दिवसांत रिकाम्या दिसूं लागल्या. कंपनीजवळ प्रत्येक पत्राच्या निरनिराळ्या शहरांत अनेक प्रती होत्या; पण त्या सर्व एकमेकींशीं जोडलेल्या असल्यामुळें दोष सगळीकडे पोंचला. वांचलें तें फितींवर होतें तेवढें. फळीवर ठेविलेल्या फितीला वीज नाहीं, तार नाहीं. तिच्यापर्यंत दोषास पोंचतां येत नाहीं. ह्या अलिप्तपणास 'एअर गॅप', म्हणजे हवेची फट, म्हणतात. फितींवरून पत्रें परत उतरविण्यास कांहीं दिवस लागले, परंतु तीं परत आलीं. परत उतरविण्याच्या ह्या क्रियेस 'रिस्टोअर' हें नांव आहे, आणि आमच्या मतें सबंध परिभाषेंत ह्या शब्दाइतका उपेक्षित शब्द दुसरा नाहीं. 'टॉय स्टोरी २' हा चित्रपट मुलांनीं पाहिला असेल. १९९८ सालीं तो तयार होत असतां कोणाच्या तरी एका चुकीच्या आज्ञेनें त्याचा बराचसा भाग संगणकांतून पुसला जाऊं लागला. बॅकअप होता, पण तो नीट चालत नाहीं हें त्या दिवसापर्यंत कोणास कळलें नव्हतें, कारण रिस्टोअर करून कोणीं पाहिलें नव्हतें. गॅलिन सुसमन ह्या बाईंना लहान मूल असल्यामुळें त्या घरून काम करीत, आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तिच्यामुळें चित्रपट वांचला.

राहिला प्रश्न काळाचा. फीत नीट ठेवली तर तीस वर्षें टिकते असें उत्पादक सांगतात. मुंबई-कोंकणची दमट हवा मात्र तिला मानवत नाहीं. बुरशी धरते, आणि गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकांतील पुष्कळ फितींचा लेप ओलावा शोषून चिकट झालेला आढळतो. पण फीत टिकली म्हणजे मजकूर टिकला असें नव्हे. १९६६ व १९६७ सालीं नासानें 'लूनर ऑर्बिटर' नांवाचीं पांच यानें चंद्राभोंवतीं पाठविलीं होतीं. चंद्राच्या क्षितिजावर पृथ्वी दिसत आहे, असें पहिलें छायाचित्र त्यांपैकीं पहिल्या यानानें १९६६ च्या ऑगस्टांत घेतलें. यानांकडून आलेले संकेत सुमारें पंधराशें मोठ्या फितींवर उतरविलेले होते. हे संकेत शून्य-एकाच्या रूपांत नव्हते, पण फितीची जात हीच. त्या वाचणारें 'ॲम्पेक्स एफआर-९००' हें यंत्र पुढें जगांतून जवळजवळ नाहींसें झालें. फिती सुरक्षित, आणि वाचणारें कोणी नाहीं! नॅन्सी एव्हन्स नांवाच्या नासाच्या एका बाईंनीं अशीं चार यंत्रें मिळवून आपल्या घराच्या गॅरेजमध्यें कित्येक वर्षें सांभाळून ठेविलीं. प्रत्येक यंत्र कपाटाएवढें. घरच्या मंडळींस काय वाटत असेल ह्याची कल्पनाच केलेली बरी. शेवटीं कांहीं मंडळींनीं तीं कॅलिफोर्नियांतील नासाच्या आवारांत, बंद पडलेल्या एका उपाहारगृहांत नेऊन, एकाचे भाग दुसऱ्यास लावून तीं चालूं केलीं. आणि २००८ च्या नोव्हेंबरांत तेंच पृथ्वीचें छायाचित्र, १९६६ सालीं कोणास दिसलें नव्हतें इतकें स्पष्ट, पुन्हां बाहेर आलें.

आपल्याकडे पुण्याच्या पेशवे दप्तरांतील मोडी कागदांचे हजारों रुमाल आहेत. कागद शाबूत आहेत, शाईहि पुसलेली नाहीं. तरी मोडी वाचणारा भेटेपर्यंत ते मुकेच. ड्राइव्ह नाहींशी झालेली फीत तशीच मुकी होते, आणि मोडी शिकवितां येते तसें ड्राइव्ह कोणास शिकवितां येत नाहीं. एलटीओच्या नवव्या पिढीचें यंत्र आठवीची फीत वाचतें, सातवीची वाचीत नाहीं. २०२५ सालीं निघालेलें दहाव्या पिढीचें यंत्र तर मागील एकाहि पिढीची वाचीत नाहीं. म्हणून फीत झिजण्याची वाट न पाहतां, जुनें यंत्र हाताशीं आहे तोंच सर्व मजकूर नव्या फितींवर उतरवून घेतात, आणि उतरलेली प्रत मुळाशीं ताडून पाहतात. ह्या कामास 'मायग्रेशन', म्हणजे स्थलांतर, म्हणतात. मोठ्या संग्रहांत तें कधीं संपत नाहीं; एका पिढीच्या फितींची नक्कल पुरी होते न होते, तों पुढच्या पिढीचीं यंत्रें येऊन दाराशीं उभीं असतात.